सत्ता व महत्त्वाकांक्षा यांवरील अभिजात नाटकांचे चित्रपटीय माध्यमांतर : ‘घाशीराम कोतवाल’च्या विशेष संदर्भात

सारांश

सत्ता आणि महत्त्वाकांक्षा हा नाट्यवाङ्मयाचा चिरंतन विषय आहे. अशी नाटके चित्रपटात नेताना भाषा, वेशभूषा, काळ व स्थळ यांत करावयाच्या बदलांचा विचार प्राधान्याने होतो. हे बदल आवश्यक असले तरी माध्यमांतराची खरी कसोटी त्यांत नसते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. रंगमंचावर सत्ताधाऱ्याभोवती एक समूह उभा असतो. त्याच्या संमतीने, भीतीने किंवा स्वार्थाने सत्ता उभी राहते व टिकते. या समूहाला पडद्यावर कोणते स्थान मिळते, यावर माध्यमांतराचे यशापयश अवलंबून असते. ‘घाशीराम कोतवाल’, ‘नटसम्राट’ आणि ‘मॅक्बेथ’ यांच्या चित्रपटीय रूपांच्या आधारे हा मुद्दा स्पष्ट केला असून, धाराशिव जिल्ह्यातील महाविद्यालयीन अध्यापनात त्याचा उपयोग कसा करता येईल याचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : माध्यमांतर, सत्तानाट्य, समूह, स्वगत, साक्षी पात्र, पटकथा.

१. प्रस्तावना

एप्रिल २०१७ मध्ये ज्येष्ठ रंगकर्मी जयंत सावरकर यांच्या अध्यक्षतेखाली ९७ वे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव येथे भरले. त्या निमित्ताने जिल्ह्यातील रसिकांना नाट्यकलेचा निकट सहवास लाभला. संमेलनाचा मांडव उठल्यानंतर मात्र परंडा, भूम, लोहारा, उमरगा यांसारख्या तालुक्यांतील महाविद्यालयांपुढे जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. अभ्यासक्रमात नाटक असते, परंतु त्या नाटकाचा प्रयोग पाहण्याची संधी विद्यार्थ्याला क्वचितच मिळते. परिणामी विद्यार्थी नाटक वाचतो आणि त्यावर आधारित चित्रपट पाहतो. पुष्कळदा तर तो केवळ चित्रपटच पाहतो, आणि तोही भ्रमणध्वनीच्या छोट्या पडद्यावर.

या वस्तुस्थितीबद्दल खेद व्यक्त करून भागणार नाही. चित्रपट पाहून विद्यार्थ्याच्या मनात सत्तेविषयी कोणती समजूत तयार होते, हे पाहणे अध्यापकाचे कर्तव्य आहे. सत्ता म्हणजे एका दुष्ट माणसाचा खेळ, अशी समजूत झाली तर त्या माणसाच्या शेवटाबरोबर प्रश्नही संपतो आणि प्रेक्षक निश्चिंत मनाने घरी जातो. सत्ता ही अनेकांच्या सहभागाने घडणारी गोष्ट आहे असे जाणवले, तर प्रेक्षकाला स्वतःच्या जागेचाही विचार करावा लागतो. ग्रामपंचायत, सहकारी संस्था, शिक्षणसंस्था, विद्यार्थी संघटना अशा अनेक ठिकाणी उद्या ज्यांना वावरावयाचे आहे, त्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे.

२. लेखाचे उद्देश व व्याप्ती

प्रस्तुत लेखाचे उद्देश पुढीलप्रमाणे आहेत :

१) सत्तानाट्य रंगमंचावरून पडद्यावर येताना नेमके काय बदलते, हे स्पष्ट करणे.
२) मराठी व अन्य भाषांतील निवडक उदाहरणांच्या आधारे यशस्वी माध्यमांतराची गमके शोधणे.
३) महाविद्यालयीन अध्यापनासाठी उपयुक्त अशी पद्धती सुचविणे.

लेखाची व्याप्ती नाटकांवरून झालेल्या चित्रपटांपुरती मर्यादित आहे. ‘सामना’ व ‘सिंहासन’ हे चित्रपट नाटकांवर आधारलेले नाहीत. त्यांचा उल्लेख तुलनेपुरता केला आहे.

३. भाषांतर, रूपांतर आणि माध्यमांतर

सत्तेची नाटके आपलीशी करून घेण्याची मराठीची परंपरा जुनी आहे. गोपाळ गणेश आगरकर यांनी १८८३ मध्ये ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ या नावाने भाषांतर केले. शिवराम महादेव परांजपे यांनी ‘मॅक्बेथ’च्या आधारे ‘मानाजीराव’ हे नाटक लिहिले. पुढे वि. वा. शिरवाडकर यांनी १९५४ मध्ये त्याच नाटकावरून ‘राजमुकुट’ सिद्ध केले. या रूपांतरकारांपुढील मुख्य प्रश्न भाषेचा व संस्कृतीचा होता. परकीय सरदाराला मराठी प्रेक्षकाच्या ओळखीचे नाव, नाते आणि बोली कशी द्यावी, याचा त्यांनी विचार केला. रंगमंच मात्र रंगमंचच राहिला होता.

माध्यमांतरात याच्या उलट स्थिती असते. भाषा तीच राहू शकते, पात्रेही तीच राहू शकतात, परंतु पाहण्याची रीत बदलते. नाट्यगृहातील प्रेक्षक एका जागी बसून संपूर्ण रंगमंच पाहतो. राजा बोलत असताना मागे उभ्या असलेल्या सेवकाकडे पाहण्याचे स्वातंत्र्य त्याला असते. चित्रपटात हे स्वातंत्र्य दिग्दर्शक व संकलक यांच्याकडे जाते. कोणाचा चेहरा, किती वेळ व किती जवळून दिसावा, हे ते ठरवितात. माध्यमांतराच्या पुढील सर्व प्रश्नांचे मूळ येथे आहे.

४. रंगमंच आणि पडदा : तीन महत्त्वाचे भेद

(अ) स्वगत : महत्त्वाकांक्षी पात्र रंगमंचावर प्रेक्षकांशी बोलते. आपला बेत ते कोणालाही सांगत नाही, पण प्रेक्षकाला सांगते. त्यामुळे प्रेक्षक त्याचा गुप्त भागीदार होतो. हा भागीदारीचा भाव पडद्यावर कसा आणावा, याची निरनिराळी उत्तरे दिली गेली आहेत. रोमान पोलान्स्की यांनी १९७१ च्या ‘मॅक्बेथ’मध्ये स्वगतांचा मोठा भाग पात्राच्या मनातील आवाजाच्या रूपाने ऐकविला. रिचर्ड लॉन्क्रेन यांच्या १९९५ च्या ‘रिचर्ड द थर्ड’मध्ये नायकाचे प्रारंभीचे भाषण समारंभातील जाहीर भाषण म्हणून सुरू होते, ते प्रसाधनगृहातील एकांतात संपते आणि तेथे तो थेट कॅमेऱ्याकडे पाहून बोलू लागतो. पहिल्या रीतीत प्रेक्षक मनातले विचार ऐकणारा तटस्थ श्रोता होतो, तर दुसऱ्या रीतीत तो कटात ओढला जातो.

(आ) स्थळ : रंगमंचावर दोन शब्दांनी राजवाडा उभा राहतो आणि पुढच्याच क्षणी तेथे रस्ता होतो. चित्रपटाला खरा वाडा, खरा दगड, खरा पाऊस दाखविता येतो. हे सामर्थ्य मोठे आहे, तसाच त्यातील धोकाही मोठा आहे. नळदुर्गच्या किंवा परंड्याच्या किल्ल्यात सत्तानाट्य चित्रित केले तर दृश्य देखणे होईल यात शंका नाही. परंतु तटबंदी, पोशाख व मशाली यांच्या भरात ही त्या काळातील गोष्ट आहे, असा सोयीस्कर दिलासा प्रेक्षकाला मिळू शकतो.

(इ) समूह : तिसरा भेद सर्वांत महत्त्वाचा, आणि बहुधा दुर्लक्षित राहणारा आहे. दरबारी, सैनिक, नगरजन, वृंदातील गायक अशी अनेक माणसे रंगमंचावर सत्ताधाऱ्यासोबत प्रत्यक्ष उपस्थित असतात. ती गप्प असली तरी दिसत असतात. चित्रपटाचा स्वाभाविक कल चेहऱ्याकडे असतो. निकटदृश्यात नायकाच्या डोळ्यांतील लोभ व भय विलक्षण प्रभावीपणे दिसते. त्याच वेळी त्याच्याभोवतीचा समूह चौकटीबाहेर जातो. नाटकात जो प्रश्न समाजाचा होता, तो चित्रपटात एका व्यक्तीच्या मनाचा होऊन बसतो.

राल्फ फाइन्स यांनी २०११ च्या ‘कोरिओलेनस’मध्ये या अडचणीवर एक मार्ग काढला. रोमचे नगरजन व त्यांची बदलती मते त्यांनी आधुनिक काळातील रस्त्यांवर आणि दूरचित्रवाणीवरील बातम्यांत आणली. जमावाचे जुने कार्य वृत्तवाहिनीकडे सोपविले गेले. कालबदलाला अर्थ प्राप्त होतो तो अशा ठिकाणी.

५. ‘घाशीराम कोतवाल’ : समूहाने रचलेले नाटक

विजय तेंडुलकर यांचे ‘घाशीराम कोतवाल’ डिसेंबर १९७२ मध्ये पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने रंगभूमीवर आणले. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, संगीत भास्कर चंदावरकर यांचे आणि नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची होती. नाना फडणविसांची भूमिका मोहन आगाशे यांनी केली. नाटकावर ब्राह्मणद्वेषाचा व नाना फडणविसांच्या चारित्र्यहननाचा आरोप झाला. १९ प्रयोगांनंतर संस्थेने ते थांबविले. त्यातील कलावंतांनी बाहेर पडून थिएटर अकॅडमी स्थापन केली आणि १९७४ पासून प्रयोग पुन्हा सुरू झाले.

इतिहासातील घाशीराम सावळदास हा औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराहून, पुण्यास गेलेला उत्तर हिंदुस्थानी ब्राह्मण होता. १७७७ मध्ये त्याला पुण्याची कोतवाली मिळाली. १७९१ मध्ये त्याच्या कैदेत कोंडलेले ब्राह्मण गुदमरून मरण पावले आणि त्यानंतर उसळलेल्या प्रक्षोभात त्याचा दगडांनी ठेचून अंत झाला. तेंडुलकरांनी या सामग्रीचा उपयोग ऐतिहासिक नाटक लिहिण्यासाठी केला नाही. अधिकारावर असलेली माणसे आपल्या सोयीसाठी हिंसक माणूस कसा निर्माण करतात आणि सोय संपताच त्याला कसे टाकून देतात, हे त्यांना दाखवावयाचे होते. नाटकातील घाशीराम पुण्यात अपमानित होतो, सूडाची प्रतिज्ञा करतो, आपली मुलगी गौरी नानांच्या स्वाधीन करून कोतवाली मिळवितो आणि शहरावर जरब बसवितो. अखेरीस नाना त्याला जमावाच्या हवाली करतात.

एवढ्या कथानकातून एका महत्त्वाकांक्षी खलनायकाची कथा सहज निघाली असती. ती तशी झाली नाही, याचे कारण या नाटकातील ब्राह्मणांची रांग होय. गाणारी, डोलणारी ही रांग कधी कीर्तनाचे श्रोते होते, कधी बावन्नखणीतील गिऱ्हाईक होते, कधी जमाव होते. पाठ फिरवून उभी राहिली की तीच भिंत किंवा पडदा होते आणि पडद्यामागे चाललेले कृत्य झाकते. ज्यांनी विरोध करावयाचा, तेच येथे आडोसा झालेले असतात. घाशीरामाला प्रथम अपमानित करणारे, मग त्याला घाबरणारे आणि शेवटी त्याला दगड मारून पुन्हा उत्सवात रमणारे, हे सर्व तेच लोक आहेत. गोंधळ, कीर्तन, तमाशा, दशावतार अशा लोकप्रिय प्रकारांतील घटक या रांगेत एकत्र आले आहेत. प्रेक्षक त्या तालावर डोलतो, आणि आपणही रांगेतच आहोत हे त्याला उशिरा उमगते. नाटकाचा आशय त्याच्या रचनेत असा सामावलेला आहे. रांग काढून टाकली तर घाशीराम आणि नाना उरतील. नाटक उरणार नाही.

६. ‘घाशीराम कोतवाल’ : चित्रपट

या नाटकावरील चित्रपट १९७६ मध्ये, म्हणजे आणीबाणीच्या काळात तयार झाला. तो युक्त फिल्म को-ऑपरेटिव्ह या तरुण चित्रपटकारांच्या सहकारी गटाने निर्माण केला. के. हरिहरन, मणि कौल, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप यांची नावे दिग्दर्शक म्हणून घेतली जातात. पटकथा स्वतः तेंडुलकर यांची होती. नानांच्या भूमिकेत मोहन आगाशे पडद्यावरही होते, तर घाशीरामाची भूमिका ओम पुरी यांनी केली.

या चित्रपटकारांनी नाट्यप्रयोगाचे केवळ चित्रण केले नाही. नाना फडणविसांचे राजकारण, पेशवाईच्या उत्तरकाळातील सत्तास्पर्धा आणि इंग्रजांचा वाढता प्रभाव असा विस्तृत पट त्यांनी कथेभोवती उभा केला. त्यामुळे घाशीराम हा एका मोठ्या राजकीय यंत्रणेतील छोटा भाग ठरतो. दुसरे वैशिष्ट्य कॅमेऱ्याच्या वापराचे आहे. वारंवार तुकडे जोडून चेहऱ्यामागून चेहरा दाखविण्याऐवजी दीर्घ, अखंड चित्रणांवर भर देण्यात आला. कॅमेरा माणसांच्या घोळक्यांसोबत फिरतो, तेव्हा व्यक्ती समूहापासून सहजासहजी सुटी होत नाही. रंगमंचावरील रांग पडद्यावर जशीच्या तशी आणता येत नाही, हे या चित्रपटकारांनी ओळखले होते. तिचे कार्य त्यांनी चित्रणपद्धतीकडे सोपविले.

तथापि या प्रयोगाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. चित्रपटाला व्यापक प्रदर्शन लाभले नाही. त्याची प्रत पुढे बर्लिनच्या आर्सेनल या चित्रपटसंस्थेच्या संग्रहात जतन झाली आणि तेथेच तिचे अंकीय रूपांतर झाले. नाटकाने सामान्य प्रेक्षकाला गाणे, ताल व नृत्य यांच्या योगे प्रथम जवळ घेतले आणि मग अस्वस्थ केले. चित्रपटाने अस्वस्थ करण्याचा मार्ग शोधला. जवळ घेण्याचा मार्ग मात्र त्याला तितकासा सापडला नाही. समूहाचा विचार पडद्यावर टिकविणाऱ्या कृतीला प्रत्यक्षात प्रेक्षकसमूहच दुर्मिळ झाला. माध्यमांतराच्या अभ्यासकाने ही विसंगती सौम्य करून सांगू नये.

७. ‘नटसम्राट’ : श्रोत्यांचे स्थलांतर

‘नटसम्राट’चे उदाहरण याच्या उलट बाजूचे आहे. शिरवाडकरांचे हे नाटक १९७० मध्ये गोवा हिंदू असोसिएशनने सादर केले. गणपतराव बेलवलकरांची भूमिका डॉ. श्रीराम लागू यांनी केली होती. १९७४ मध्ये या नाटकास साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ‘किंग लिअर’शी त्याचे नाते सर्वज्ञात आहे. लिअर आपले राज्य मुलींना वाटतो, तर गणपतराव आपली मिळकत मुलांना वाटून टाकतात. सत्ता येथे राजवाड्यातून मध्यमवर्गीय घरात आली आहे. घरातील कर्तेपण, पैसा आणि मान यांचे वाटप हा तिचा विषय आहे.

गणपतराव सम्राट आहेत ते रंगभूमीचे, आणि त्यांची प्रजा म्हणजे प्रेक्षक. नाट्यगृहात ही प्रजा प्रत्यक्ष समोर बसलेली असते. घरात अधिकार गमावलेला हा वृद्ध नट स्वगत बोलू लागला की सभागृह पुन्हा त्याच्या कह्यात जाते. त्याचे सामर्थ्य, त्याचा अहंकार आणि त्याचे एकाकीपण या तिन्ही गोष्टींचा अनुभव प्रेक्षक एकाच वेळी घेतो. टाळ्या देणारे आपणच आहोत, आणि घरी वृद्ध पित्याशी वागणारेही आपणच आहोत, हा त्या अनुभवाचा दंश आहे.

महेश मांजरेकर दिग्दर्शित चित्रपट १ जानेवारी २०१६ रोजी प्रदर्शित झाला व त्याला मोठा लोकाश्रय मिळाला. नाना पाटेकर यांनी गणपतरावांची भूमिका केली. समोर बसलेला प्रेक्षक चित्रपटात असू शकत नाही. त्याच्या जागी चित्रपटाने रामभाऊ हा नटमित्र दिला आणि विक्रम गोखले यांनी तो संस्मरणीय केला. दोन वृद्ध नटांच्या संवादांतून स्वगताचा एक मोठा भाग वाटून दिला गेला आहे. पटकथेच्या दृष्टीने ही योजना कुशल आहे. प्रेक्षकाला आपलेसे करून घेण्यातही ती यशस्वी ठरली.

या योजनेची किंमतही द्यावी लागली. सभागृहभर श्रोत्यांऐवजी एक जिवलग मित्र श्रोता झाल्यामुळे गणपतरावांची कथा सत्तेकडून सहानुभूतीकडे झुकते. आपला अधिकार स्वहस्ते सोडूनही मानाची अपेक्षा न सोडणारा माणूस मागे पडतो आणि अपत्यांनी दुखावलेला पिता पुढे येतो. प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी येते. परंतु त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागत नाही.

८. ‘मॅक्बेथ’ : समूहाला नवी जागा देणारी दोन रूपे

लोकाश्रय आणि आशय यांची सांगड घालता येते काय, या प्रश्नाचे उत्तर ‘मॅक्बेथ’च्या दोन चित्रपटीय रूपांत मिळते.

अकिरा कुरोसावा यांचा, ‘थ्रोन ऑफ ब्लड’ या नावाने जगभर ओळखला जाणारा चित्रपट १९५७ चा आहे. स्कॉटलंडची कथा त्यांनी मध्ययुगीन जपानात नेली आणि अभिनय व हालचाली यांसाठी नो या पारंपरिक नाट्यप्रकाराचा आधार घेतला. आपल्या दृष्टीने शेवटचा बदल सर्वांत महत्त्वाचा आहे. मूळ नाटकात मॅक्बेथला मॅकडफ ठार करतो. अन्यायपीडित वीर अत्याचारी राजाचा वध करतो व न्यायाची पुनःस्थापना होते. कुरोसावांच्या चित्रपटात नायक वाशिझू याच्यावर त्याचेच सैनिक बाणांचा वर्षाव करतात. काही वेळापूर्वी भविष्यवाणी सांगून ज्यांना त्याने धीर दिला होता, तेच हे लोक. सत्तेला आधार देणारा समूह तिचे पारडे फिरताच तिला संपवितो. ‘घाशीराम’मधील दगड मारणाऱ्या जमावाची आठवण येथे झाल्याशिवाय राहत नाही.

विशाल भारद्वाज यांचा ‘मकबूल’ भारतात २००४ मध्ये प्रदर्शित झाला. त्यांनी कथा मुंबईच्या गुन्हेगारी जगात आणली. राजा डंकन येथे टोळीप्रमुख अब्बाजी झाला आणि लेडी मॅक्बेथ ही त्याच्याच आश्रयाला असलेली निम्मी झाली. तीन चेटकिणींच्या जागी पंडित आणि पुरोहित हे दोन पोलीस अधिकारी आले. ते कुंडली मांडून भविष्य सांगतात आणि ते खरे होईल अशी व्यवस्थाही करतात. टोळ्यांमधील बलाचा समतोल राखणे हे त्यांचे धोरण असते. चेटकीण ही आजच्या प्रेक्षकाला केवळ अद्भुत वाटली असती. गुन्हेगारीकडे सोयीने पाहणारी शासनयंत्रणा मात्र त्याला ओळखीची वाटते. मकबूलची महत्त्वाकांक्षा त्याची स्वतःची आहे, पण ती वाढण्यासाठी लागणारी जमीन इतरांनी तयार ठेवलेली आहे, हे त्यातून कळते. पंडिताची भूमिका ओम पुरी यांनी केली. १९७६ मध्ये सत्तेने वापरून फेकून दिलेला घाशीराम साकारणारा नट २००४ मध्ये इतरांना वापरून फेकणाऱ्या व्यवस्थेचा चेहरा झाला, हा योगायोग अभ्यासकाला उद्बोधक वाटावा असा आहे.

दोन्ही दिग्दर्शकांनी मूळ संहितेतील काव्यमय संवाद सोडून दिले. समूहाचे कार्य मात्र त्यांनी सोडले नाही. एकाने ते सैनिकांकडे दिले, दुसऱ्याने पोलिसांकडे. दोन्ही चित्रपट आपल्या प्रेक्षकाला रंजक कथेच्या वाटेने तेथवर नेतात.

९. साक्षी पात्राचा मार्ग

मराठी चित्रपटाने या प्रश्नाला दिलेले आणखी एक उत्तर तेंडुलकरांच्याच पटकथांत आहे. जब्बार पटेल दिग्दर्शित ‘सामना’मध्ये साखर कारखानदारीतून उभ्या राहिलेल्या हिंदुराव या ग्रामीण सत्ताधाऱ्यासमोर एक गांधीवादी मास्तर येतो. निळू फुले व डॉ. लागू यांनी या भूमिका केल्या. मारुती कांबळे या माणसाचे काय झाले, हा मास्तरांचा प्रश्न संपूर्ण गावाच्या मौनावर आघात करतो. गाव येथे बोलत नाही, आणि तेच त्याचे कार्य आहे. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ व ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांवर आधारित १९७९ च्या ‘सिंहासन’मध्ये दिगू टिपणीस हा पत्रकार मुख्यमंत्रिपदाभोवतीचे राजकारण पाहत राहतो आणि शेवटी त्याचेच मानसिक संतुलन ढळते. रंगमंचावरील वृंदाऐवजी चित्रपटाला एक साक्षीदार पुरतो. मात्र तो साक्षीदार सुरक्षित राहता कामा नये. पाहण्याची किंमत त्याने मोजली पाहिजे.

१०. जिल्ह्यातील अध्यापनासाठी उपयोजन

धाराशिव जिल्ह्यातील विद्यार्थ्याला समूहाची ही संकल्पना परकी नाही. तुळजाभवानीच्या या परिसरात गोंधळ हा विधी त्याने लहानपणापासून पाहिलेला असतो. संबळ व तुणतुण्याच्या साथीने मुख्य गोंधळी आख्यान लावतो. साथीदार झील धरतात, प्रश्न विचारतात, कधी थट्टा करून कथा पुढे सरकवितात. आख्यान श्रोत्यांना पूर्वीच ठाऊक असते. गोडी असते ती कसे सांगितले जाते आणि साथीदार त्यावर काय म्हणतात, यात. या अनुभवापासून प्रारंभ केल्यास ‘घाशीराम’मधील रांग विद्यार्थ्याला केवळ तंत्र वाटणार नाही.

अध्यापनासाठी पुढील क्रम सुचविता येईल :

१) संहितेतील एक प्रवेश वर्गात उभा करावा. ‘घाशीराम’मधील कोतवालीच्या सौद्याचा प्रवेश यासाठी योग्य आहे. काही विद्यार्थ्यांनी रांग करावी. नंतर तोच प्रवेश रांगेशिवाय करून पाहावा आणि अर्थात पडलेला फरक विद्यार्थ्यांनी स्वतः लिहावा.

२) ‘मकबूल’ किंवा ‘नटसम्राट’मधील एक प्रसंग दोनदा दाखवावा. प्रथम संवादांकडे लक्ष द्यावे. दुसऱ्या वेळी ध्वनी बंद करून चौकटीत कोण आहे, कोण बाहेर गेले आणि ऐकणारा कोण आहे, याची नोंद करावी.

३) विद्यार्थ्यांच्या गटांनी तोच प्रवेश आजच्या परिसरात आणणारी तीन-चार पृष्ठांची पटकथा लिहावी. किल्ल्यापेक्षा चावडी, बाजार समितीचे आवार, वसतिगृहाची खोली अशी स्थळे निवडावीत. रांगेच्या जागी काय येईल, या प्रश्नाचे लेखी उत्तर सक्तीचे असावे. भ्रमणध्वनीवरील समूहसंदेश, बघ्यांनी काढलेली चित्रफीत, सभेत वर झालेले हात अशी अनेक उत्तरे विद्यार्थ्यांकडून येऊ शकतात.

या संदर्भात स्वामित्वहक्काची जाणीव ठेवणे आवश्यक आहे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे साहित्यकृतीवर हक्क राहतो. शिरवाडकरांचे निधन १९९९ मध्ये व तेंडुलकरांचे २००८ मध्ये झाले. म्हणजे हे हक्क अनुक्रमे २०५९ व २०६८ अखेरपर्यंत राहतील. शेक्सपिअरची मूळ नाटके मात्र सर्वांना खुली आहेत. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ नुसार शिक्षणसंस्थेतील अध्यापक व विद्यार्थी यांनी, संस्थेशी संबंधित मर्यादित प्रेक्षकांसमोर केलेल्या सादरीकरणाला सवलत आहे. अशी चित्रफीत आंतरजालावर सर्वांसाठी प्रसिद्ध करणे हे त्या सवलतीत येत नाही. त्यासाठी परवानगी घ्यावी लागते.

११. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात :

१) सत्तानाट्याच्या माध्यमांतरात काळ, स्थळ व भाषा यांचे बदल साधनरूप असतात. सत्ताधाऱ्याभोवतीच्या समूहाचे कार्य पडद्यावर कोण पार पाडते, हा मूलभूत प्रश्न आहे.

२) निकटदृश्य व संकलन यांमुळे चित्रपटाचा कल व्यक्तीकडे असतो. जाणीवपूर्वक योजना केली नाही तर सत्तेची मीमांसा एका व्यक्तीच्या स्वभावचित्रणात विरून जाते.

३) दीर्घ चित्रण, साक्षी पात्र, शासनयंत्रणा, सैनिक, वृत्तवाहिनी अशा अनेक मार्गांनी समूहाला नवी जागा देता येते. कोणताही एक मार्ग सर्व नाटकांना लागू पडत नाही.

४) ‘घाशीराम कोतवाल’ चित्रपटाने हा प्रश्न ओळखला, पण त्याला प्रेक्षक मिळाला नाही, ‘नटसम्राट’ला प्रेक्षक मिळाला, पण प्रश्नाची धार कमी झाली. ‘थ्रोन ऑफ ब्लड’ व ‘मकबूल’ यांनी दोहोंची सांगड घातली.

आधुनिक प्रेक्षक उथळ असतो, त्याला जुनी नाटके पेलत नाहीत, असे म्हणण्याचा प्रघात आहे. तो मान्य करण्याचे कारण नाही. प्रेक्षक तयार होत असतो आणि त्याच्या तयारीचे एक प्रमुख स्थान महाविद्यालयाचा वर्ग हे आहे. चौकटीत दिसणाऱ्या राजाबरोबरच चौकटीबाहेर उभ्या असलेल्या माणसांविषयी विचारण्याची सवय विद्यार्थ्याला लागली, तर नाट्यगृह नसलेल्या तालुक्यातही नाटकाचे अध्यापन सार्थकी लागेल.